ऑपरेटर किती झपाट्याने बटण दाबतो, यावरून यंत्राला ऑपरेटर कळतो का?

रातवा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण घडलेलं सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही.

मी सध्या गोदामात फिरणाऱ्या स्वयंचलित गाड्यांच्या देखरेखीचं सॉफ्टवेअर लिहिते. त्याआधी तीन वर्षं मी याच गाड्यांची ऑपरेटर होते, बहुतेक रात्रपाळीला. गाड्या आपल्या आपण चालतात, माल उचलतात, पोचवतात. काही उमगलं नाही की जागच्या जागी थांबतात आणि ऑपरेटरच्या पडद्यावर प्रश्न पाठवतात. आपण त्या गाडीचा कॅमेरा उघडून बघायचं, उत्तर द्यायचं, की ती पुढे निघते. एका माणसाकडे बारा गाड्या असायच्या.

त्या रात्री अकरा नंबरची गाडी दोन रॅकच्या मधे अडकली होती. वाटेत प्लास्टिकच्या आवरणाचा तुकडा पडला होता आणि गाडी त्याला अडथळा समजत होती. मी कॅमेरा इकडून तिकडून फिरवून पाहिला, तुकडाच आहे याची खात्री केली. उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. अमुक खेप दारापर्यंत कधी येईल, एवढंच विचारायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. फोन ठेवून वळले तर पडद्यावर प्रश्न तसाच: ‘मार्ग मोकळा आहे का? हो / नाही’. मी ‘हो’ दाबलं.

तो प्रश्न चौदा नंबरच्या गाडीचा होता. मी फोन ठेवता ठेवता तो आला, सिस्टमने त्याला तातडीचा ठरवून वर आणलं आणि अकराचा प्रश्न मागे ढकलला. शब्द तेच, चौकट तीच, जागा तीच. गाडीचा नंबर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत. चौदासमोर एक सहकारी वाकून खालच्या फळीवरचं लेबल वाचत होता. ‘हो’ म्हटलं की गाडी थोडं अंतर समोरच्या अडथळ्याकडे काणाडोळा करून सरकते, तशी ती सरकली. बंपर टेकताच थांबली. त्याच्या पोटरीला मुका मार बसला, चार दिवस तो घरी होता.

चौकशीत लॉग, म्हणजे सिस्टमच्या नोंदी, काढले. माझ्या त्या उत्तरासमोर प्रतिसादाचा वेळ होता १.८ सेकंद. त्या रात्रीचा सगळ्यांत चांगला आकडा. यंत्राच्या लेखी त्या क्षणी मी सगळ्यांत सावध ऑपरेटर होते. ही गोष्ट मला अजून सोडत नाही.

आता माझ्याकडेच काम आलंय की सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटरचं प्रारूप (मॉडेल) बसवायचं. प्रतिसादाचे वेळ आणि क्लिक मोजायचे, त्यातून कामाचा ताण काढायचा, आणि जो भराभर उत्तरं देतो त्याला जास्त गाड्या द्यायच्या. आधाराला एक सूत्र दिलंय, ते ओल्सन आणि गुडरिच या संशोधकांच्या कामातून आलेलं आहे. गाडी लक्ष न देता जितका वेळ नीट चालते त्याला तिच्याकडे लक्ष द्यायला लागणाऱ्या वेळाने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. पाच मिनिटं बिनदिक्कत चालली आणि तीस सेकंद लक्ष मागितलं, तर एका माणसाकडे अकरा गाड्या. सूत्र चुकीचं नाही. पण मी न बघता १.८ सेकंदांत ‘हो’ म्हटलं की याच सूत्राने माझी क्षमता वाढते. ज्या चुकीने माणूस जखमी झाला तिचंच बक्षीस म्हणून आणखी गाड्या!

मला हवंय ते वेगळं आहे. त्या क्षणी मी अकराला उत्तर देत होते. माझ्या डोक्यातलं चित्र अकराचं होतं आणि यंत्र चौदाचं विचारत होतं. ही फारकत यंत्राला कळू शकते का? कोणी असं काही प्रत्यक्ष कामात बसवलंय का? मेंदूच्या लहरी मोजणारी टोपी कृपया सुचवू नका. आठ तास ती डोक्यावर ठेवून कोणीही काम करणार नाही, मीही नाही केलं असतं.

---

मनोयंत्र

रातवाताई, तुम्ही लिहिलेला प्रसंग वाचून कामधाम बाजूला ठेवलं. माझं शिक्षण आणि काम याच विषयातलं आहे.

माणसाच्या विचारप्रक्रियेची संगणकावर चालणारी प्रारूपं बरीच वर्षं आहेत. मी वापरतो ते ॲक्ट-आर, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन अँडरसन यांनी उभं केलेलं. त्यात स्मृती, दृष्टी, हात अशी वेगवेगळी खाती असतात आणि ‘असं असेल तर असं कर’ अशा नियमांनी ती एकमेकांशी बोलतात. एक नियम चालायला साधारण ५० मिलिसेकंद धरतात, नजरेचं लक्ष एका जागेवरून दुसरीकडे जायला ८५. हे आकडे लक्षात ठेवा, खाली लागतील.

स्मृतीचं गणित असं की एखादी गोष्ट जितक्या वेळा आणि जितक्या अलीकडे मनात आली तितकी ती जागी असते, आणि हा जागेपणा काळाबरोबर ओसरतो. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक वापराचा वाटा म्हणजे गेलेल्या सेकंदांच्या वर्गमुळाचा व्यस्त. चार सेकंदांपूर्वी पाहिलेल्याचा वाटा अर्धा, चौसष्ट सेकंदांपूर्वीच्याचा एक अष्टमांश. सगळे वाटे मिळवून त्याचा लॉगॅरिथम घेतात. आता तुमची रात्र यात घाला. अकराचा कॅमेरा तुम्ही फिरवून फिरवून पाहिलात, म्हणजे ‘अकरा, तुकडा, मोकळं’ हे मनात पाचसहा वेळा तरी येऊन गेलं. मधे अर्धं मिनिट फोन. चौदाचं मनात काहीच नव्हतं. त्यामुळे ‘मार्ग मोकळा आहे का’ हे शब्द दिसताच मनातून एकच गोष्ट वर येणार होती.

ऑल्टमन आणि ट्रॅफ्टन या संशोधकांनी २००२ मध्ये अर्धवट सुटलेल्या कामांवर नेमकं हेच मांडलं. मधेच थांबवलेलं काम पुन्हा हाती घ्यायला बाहेरची खूण लागते. खूण योग्य असेल तर माणूस बरोबर जागी परततो. तुमच्या पडद्याने खूण दिली, पण ती दुसऱ्याच कामाची होती, आणि दोन्हींचं रूप एक होतं.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. या सिद्धांतात जी गोष्ट जास्त जागी असते ती लवकर आठवते. म्हणजे तुमचे १.८ सेकंद सावधपणाचे नव्हतेच. उत्तर आधीपासून तयार होतं म्हणून ते लगेच आलं. खरोखर चौदाकडे बघायचं तर नंबर वाचायला नजर जायला हवी, मग कॅमेऱ्याच्या चौकटीवर, मग त्या चित्रात दोनतीन ठिकाणी. नजर एका जागी ठरते तेव्हा तीच पाव सेकंद घेते. त्यावर निर्णयाचे नियम आणि हाताची हालचाल. शिवाय चित्र उघडायला सिस्टमला लागणारा वेळ. प्रारूप वापरून यंत्राला एवढं तरी सांगता येतं की या प्रश्नाचं पाहून दिलेलं उत्तर इतक्या सेकंदांच्या आत येऊच शकत नाही. त्याआधी आलं तर ते दुसऱ्या कशाचं तरी उत्तर आहे.

एक विचारतो. चौदाचा कॅमेरा उघडल्याची नोंद लॉगमध्ये होती का?

---

रातवा

नव्हती. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता जुनी फाइल उघडून पाहिली. अकराचा कॅमेरा फोनच्या आधी जवळपास पाऊण मिनिट उघडा होता. चौदाचा एकदाही उघडला नव्हता. चौकशीच्या वेळी ती ओळ कोणी वाचलीच नाही, मीही नाही. सगळे प्रतिसादाच्या रकान्याकडे बघत होते.

म्हणजे मी चौदा पाहिलेली नाही, हे यंत्राच्या वहीत त्या क्षणी लिहिलेलं होतं. तरी त्याने माझं ‘हो’ घेतलं.

---

अतिदक्षता

मी गोदामातली नाही. अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, सोळा वर्षं झाली. तरी लिहिते, कारण पलंगाशेजारची यंत्रं आणि तुमच्या गाड्या एकाच तऱ्हेने वागतात असं वाटतंय.

आमच्याकडे प्रत्येक पलंगाचा मॉनिटर ओरडत असतो. बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं, बोटावरची क्लिप सरकलेली असते, रुग्णाने कूस बदललेली असते. नव्या मुली पहिल्या महिन्यात प्रत्येक आवाजाला धावतात. नंतर धावत नाहीत, आणि त्यात त्यांचा आळस नसतो. शंभरदा काही नव्हतं तर आताही काही नसेल, असं मन शिकतं आणि ते शिकणं बरोबरच असतं. फक्त एकशेएकाव्या वेळी ते जिवावर बेततं. म्हणून मनोयंत्र यांना माझी एक विनंती. ‘फार लवकर उत्तर दिलंत, पुन्हा बघा’ अशी खिडकी कृपा करून लावू नका. दोन आठवड्यांत ती खिडकी बंद करणं हाच हाताचा भाग होईल. आमच्याकडे औषधाच्या संगणकावर तसंच झालंय.

दुसरं म्हणजे, यंत्राने माणूस ओळखावा याचीच चर्चा चाललीय, पण आम्ही माणसं एकमेकांना कशी ओळखतो? पाळी बदलताना मी पुढच्या बाईला नुसते आकडे देत नाही. ‘तीन नंबरचा दाब आत्ता ठीक आहे, पण मला तो पहाटे घसरेल असं वाटतंय, लघवी कमी झालीय’ असं सांगते. माझ्या मनात काय आहे, कशाची धास्ती आहे, ते तिच्या मनात घालते. मग रात्री तिने चुकीच्या पलंगाकडे पाहिलं तरी तिला खटकतं. यंत्र कधी सांगतं का की मला याबद्दल शंका आहे म्हणून? ते एक तर गप्प असतं, नाही तर किंचाळतं.

---

विदाविहारी

अतिदक्षताताईंच्या दुसऱ्या मुद्द्यासाठी एक खरी घटना. २०१८ च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेम्पे इथे चाचणीवरच्या स्वयंचलित मोटारीने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना धडक दिली, त्यात त्या गेल्या. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालं की यंत्रणेला त्या ५.६ सेकंद आधी दिसल्या होत्या. पण ती त्यांना कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर काही’ ठरवत राहिली, आणि ठरवणं बदललं की आधीचा प्रवास विसरून त्यांची पुढची दिशा नव्याने मांडत राहिली. सुरक्षेसाठी बसलेल्या माणसाची नजर त्या काळात फोनकडे होती. यंत्रणा गोंधळलेली आहे याचा पहिला आवाज त्या माणसाला आला तो धडकेच्या ०.२ सेकंद आधी. माणसाचं मन यंत्राला माहीत नव्हतं, यंत्राचं माणसाला माहीत नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे. मला हाताने लिहिलेले नियम पटत नाहीत. तुमच्याकडे वर्षानुवर्षांचे लॉग आहेत ना, मग माणसं प्रत्यक्षात काय करतात ते प्रारूपाला त्या विदेतूनच (डेटातूनच) शिकवा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ओव्हरकुक्ड’ नावाच्या स्वयंपाकघराच्या खेळावर हे तपासलं. स्वतःच्याच प्रतिकृतींबरोबर खेळून तरबेज झालेला संगणक-खेळाडू माणसाबरोबर खेळताना अडखळला, कारण समोरचा आपल्यासारखाच अचूक वागणार असं तो धरून चालला होता. माणसांच्या खेळातून शिकलेलं प्रारूप जोडीदार म्हणून वापरून ज्याला तयार केलं, तो माणसांबरोबर चांगला खेळला. माणूस प्रत्यक्ष चुकतो तसाच प्रारूपात चुकला पाहिजे, एवढं त्यातून घ्या.

---

रातवा

विदाविहारी, तत्त्व मान्य. खेळाडू आदर्श नसतो हे मला कोणी सांगायला नको. पण आमच्या लॉगमधून शिकवलं तर काय शिकेल ते बघा. त्यात हजारो ‘हो’ आहेत आणि जवळजवळ सगळ्यांपुढे निकाल ‘ठीक’ असा आहे, कारण बहुतेक वेळा वाट खरंच मोकळी असते. न पाहता ‘हो’ म्हटलेल्या कितीतरी रात्री त्यात ‘उत्तम’ म्हणून बसल्यात. माझ्यासारखी घटना त्यात एक. तुमचं प्रारूप शिकेल की चांगला ऑपरेटर न बघता लवकर ‘हो’ म्हणतो. मनोयंत्र यांच्या सिद्धांताला निदान हे माहीत आहे की लवकर येण्याची कारणं दोन असतात.

---

विदाविहारी

खरं आहे. निकालाच्या खुणा चुकीच्या असतील तर शिकणंही चुकणारच. मग नियम सिद्धांताचे ठेवा आणि त्यातले आकडे तुमच्या माणसांच्या विदेवरून बसवा. कोणाची स्मृती किती झपाट्याने ओसरते, कोणाला पडदा वाचायला किती वेळ लागतो, यात माणसामाणसांत फरक असतो, आणि तो एकाच ऑपरेटरमध्येही पहाटे चारला आणि रात्री दहाला वेगळा निघेल.

---

मनोयंत्र

या वाटेने जाता येईल. त्या भागाकाराच्या सूत्राबद्दल एक सांगायचं राहिलं. संशोधक मेरी कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात प्रतीक्षेचा वेळ घातला. गाडी रांगेत थांबते तो एक. आणि गाडी थांबलीय हेच माणसाच्या ध्यानात नसतं, तो दुसरा. हा दुसरा भाग मोजला की एका माणसाकडच्या गाड्यांची संख्या मूळ सूत्रापेक्षा खाली येते. वरिष्ठांपुढे ठेवायला हे तुमच्या कामी येईल.

---

रातवा

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्हा तिघांचं वाचून जे केलं ते सांगते.

मोठं प्रारूप बांधलंच नाही. प्रत्येक ऑपरेटरमागे एक छोटी वही ठेवली. कोणत्या गाडीचं चित्र त्याच्यासमोर शेवटचं केव्हा होतं, किती वेळ होतं, त्यानंतर गाडी किती हलली, मधे काय व्यत्यय आला. त्यावर मनोयंत्र यांचं ओसरण्याचं गणित. प्रश्न रांगेत पुढे आणायचा असेल तर आता सिस्टम आधी बघते की माणूस दुसऱ्या गाडीच्या मधोमध आहे का. असेल, आणि प्रश्न विचारणारी गाडी थांबून राहिल्याने कोणाला धोका नसेल, तर ती वाट बघते. चौदा त्या रात्री आणखी अर्धं मिनिट उभी राहिली असती तर कोणाचं काहीच बिघडणार नव्हतं. थांबलेली गाडी सुरक्षितच होती.

अतिदक्षताताईंचं ऐकून खिडकी लावली नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ ही बटणं त्या गाडीच्या कॅमेऱ्याच्या चित्रातच नेऊन ठेवली, गाडीच्या पुढच्या वाटेला लागून. बटणाकडे जाताना नजरेला वाटेवरूनच जावं लागतं. आणि ‘मार्ग मोकळा आहे का’ हे वाक्य काढून टाकलं. आता गाडी आपली शंका सांगते: ‘चौदा: समोर गुडघ्याएवढ्या उंचीचं काहीतरी आहे, हलतंय, माणूस असू शकतो.’ किंवा ‘अकरा: जमिनीलगत चपटं, हलत नाही.’ गाडीला हे आधीही माहीत होतं. ती ते आम्हाला सांगत नव्हती, सगळ्याचा एक ‘हो/नाही’ करून टाकत होती. हे लिहिताना मला खूप वाईट वाटलं. बदल दोन दिवसांचा निघाला.

आता जे जमलेलं नाही ते. माणसाला भोवतालचं किती भान आहे यावर काम करणाऱ्या संशोधक मिका एंड्सली यांच्या पद्धतीने चाचणी घेतली. काम चालू असताना मधेच पडदा कोरा करायचा आणि विचारायचं की अमुक गाडी आत्ता कुठे आहे, काय करतेय, पुढे काय करेल. दोन जुने ऑपरेटर बसले होते. कुठे आहे हे दोघांनीही बरंचसं बरोबर सांगितलं, वहीशी जुळणारं. पण एकाला नऊ नंबरबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, ती माल घेऊन परत निघालीय. वहीप्रमाणे त्याने ती अर्ध्या मिनिटापूर्वी चांगली पाहिलेली होती. प्रत्यक्षात ती रिकामी होती आणि चार्जिंगला चालली होती. एंड्सली यांनी १९९५ मध्ये तीन पायऱ्या सांगितल्यात: दिसणं, अर्थ लागणं, पुढचं ओळखणं. माझी वही पहिल्या पायरीवर संपते. त्याने गाडी पाहिली होती, पण तिला काय समजला ते वहीत कुठून येणार?

---

अतिदक्षता

त्यालाच विचारा ना. आमच्याकडे पाळी बदलताना सांगावंच लागतं. तुमच्या ऑपरेटरला पाळी सुरू करताना आणि मधल्या सुट्टीवरून आल्यावर दोन गाड्यांबद्दल बोलू द्या, पुढे काय होईल ते. गाडीचा बेत वेगळा असेल तर ती तिथेच सांगेल. दिवसभर तपासत बसण्यापेक्षा दोनदा नीट बोलणं झालेलं बरं.

आणि ती वही कोण बघतं? आमच्याकडे असं काही आलं की पहिल्यांदा ते आमच्या कामाच्या मूल्यमापनात जातं. मग माणसं वहीसाठी बघायला लागतात, रुग्णासाठी नाही.

---

रातवा

ताई, बोलण्याची कल्पना घेतेय. पहिला प्रयोग सुट्टीनंतर परतणाऱ्यांवर करेन, कारण तिथेच चित्र सगळ्यांत जास्त विस्कटलेलं असतं.

वहीचं असं ठरलंय. ती ऑपरेटरच्या स्वतःच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसते: ‘मला वाटतं तुम्ही अकरा बघताय.’ चूक असेल तर तो तिथेच दुरुस्त करतो. पाळी संपली की ती पुसली जाते, कोणाला इजा झाली असेल तर मात्र राहते. जास्त गाड्या कोणाला द्यायच्या हे तिच्यावरून ठरणार नाही, हे मी लेखी मागितलंय. कमिंग्ज यांचा प्रतीक्षेचा मुद्दाही त्याच पत्रात घातलाय आणि बारावरून नऊ गाड्यांवर यावं असं सुचवलंय. पत्राला उत्तर आलेलं नाही. तोवर माझ्या नावावर असलेल्या रात्रपाळीच्या चाचण्या नऊ गाड्यांवरच चालवतेय.

ज्याला लागलं होतं त्या सहकाऱ्याला परवा नवा पडदा दाखवला. चौदाची ओळ त्याने दोनदा वाचली आणि विचारलं, ‘मी वाकलेला असेन तर माझी उंची गुडघ्याएवढीच दिसेल ना? मग तिला पेटी वाटली तर?’ हा प्रश्न आमच्या कोणाच्याही यादीत नव्हता. सध्या त्याच्यावरच काम करतेय.